शेवटची एक फेरी आणि बावीस शर्यतींचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

१२ डिसेंबर २०२१ रोजी अबू धाबीच्या यास मरीना सर्किटवर फॉर्म्युला वनच्या हंगामातील बाविसावी आणि अखेरची शर्यत सुरू झाली, तेव्हा लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन या दोघांच्याही खात्यावर बरोबर ३६९.५ गुण जमा होते. ५८ फेऱ्यांपैकी बहुतेक फेऱ्या हॅमिल्टन पुढे होता. ५३व्या फेरीत निकोलस लतिफीची गाडी कठड्यावर आदळली, सेफ्टी कार (अपघातानंतर सर्व गाड्यांना एकमेकींना न ओलांडता आपल्या मागे संथ चालायला लावणारी गाडी) मैदानात आली, आणि जे विजेतेपद जवळजवळ ठरल्यासारखे होते ते शेवटच्या फेरीत दुसऱ्याचे झाले. तेव्हापासून हा प्रश्न विचारला जातो, की व्हर्स्टॅपनने ते गुणवत्तेवर मिळवले काय?

माझ्या मते या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळले गेले आहेत, आणि वाद मिटत नाही तो त्यामुळेच. त्या दिवशीची शर्यत न्याय्य रीतीने संपली का, हा एक. आणि हंगामाचा विजेता लायक होता का, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर मी नकारार्थी देतो. टायर बदलण्याचा निर्णय हा डावपेचांचा भाग होता; हॅमिल्टन थांबला असता तर आघाडी गेली असती, व्हर्स्टॅपनला मात्र गमावण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्याने नवे मऊ टायर घेतले आणि हॅमिल्टन ४० हून अधिक फेऱ्या झिजलेल्या कठीण टायरांवर राहिला. इथवर कोणाची तक्रार असू नये. पण शर्यत संचालक मायकेल मासी यांनी एक फेरी मागे पडलेल्या सगळ्या गाड्यांना नव्हे, तर या दोघांच्या मधल्या पाचच गाड्यांना पुढे जाऊ दिले, आणि नियमानुसार आणखी एक फेरी थांबायला हवे असताना सेफ्टी कार त्याच फेरीत परत बोलावली. हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघाची तक्रार पंचांनी फेटाळली. सेफ्टी कारच्या वापराबाबत संचालकाला सर्वाधिकार आहेत, हा त्यांचा मुख्य आधार होता. एखाद्याला अधिकार असला म्हणून तो नीट वापरला गेला असे होत नाही, एवढे म्हणणे मला भाग आहे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र संपूर्ण हंगाम डोळ्यांसमोर हवा. व्हर्स्टॅपनने दहा शर्यती जिंकल्या, हॅमिल्टनने आठ. बाकूला आघाडीवर असताना व्हर्स्टॅपनचा टायर फुटला. हंगेरीत हॅमिल्टनचाच सहकारी व्हाल्टेरी बोटास याच्या चुकीतून झालेल्या अपघाताने व्हर्स्टॅपनची गाडी मोडकळीस आणली. सिल्व्हरस्टोनला हॅमिल्टनशी झालेल्या टकरीत तो पहिल्याच फेरीत बाहेर फेकला गेला, आणि हॅमिल्टनने दहा सेकंदांची शिक्षा भोगूनही ती शर्यत जिंकली. उलट बाजूने पाहिले, तर बेल्जियममध्ये पावसात सेफ्टी कारच्या मागे नावापुरत्या फेऱ्या होऊन अर्धे गुण वाटले गेले, ते व्हर्स्टॅपनला १२.५ आणि हॅमिल्टनला ७.५. खरी शर्यत झालीच नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी मी सहमत आहे. ते गुण वगळले तरी अखेरच्या तक्त्यात व्हर्स्टॅपन तीन गुणांनी पुढे राहतो. पण अबू धाबीची शर्यत सेफ्टी कारच्या मागेच संपली असती, तर हॅमिल्टन सहा गुणांनी जगज्जेता झाला असता. ब्राझीलमध्ये दहाव्या क्रमांकावरून सुरुवात करून जिंकणारा हॅमिल्टन लायक नव्हता असे कोण म्हणेल?

मुळात गुणांचा तक्ता गुणवत्ता मोजतो, हाच समज अपुरा आहे. १९८८ साली सर्व शर्यतींचे मिळून ॲलन प्रोस्टचे १०५ आणि आयर्टन सेनाचे ९४ गुण झाले होते. परंतु केवळ सर्वोत्तम अकरा निकाल धरण्याचा नियम होता, म्हणून ९० विरुद्ध ८७ अशा फरकाने सेना विजेता ठरला. त्यावर फारसे भांडण झाले नाही, कारण तो नियम पहिल्या शर्यतीपूर्वीच सर्वांना ठाऊक होता. अबू धाबीत नियमाचा अर्थ शर्यत चालू असताना लागला, आणि खरी सल तिथे आहे.

मार्च २०२२ मध्ये जागतिक मोटार महासंघाच्या अहवालाने त्या निर्णयाला मानवी चूक म्हटले आणि निकाल कायम ठेवला. मासी त्याआधीच पदावरून दूर झाले होते, आणि नव्या हंगामाच्या नियमावलीत मागे पडलेल्या ‘कोणत्याही’ गाड्यांऐवजी ‘सर्व’ गाड्या असा शब्द आला.