चाकाला खडूची रेघ

एप्रिलचा शेवट, परभणीकडचं काळं रान. पलटी नांगर जमिनीत घातला की ट्रॅक्टर गुरगुरतो, मागचं चाक जागच्या जागी फिरतं, मागं वास येतो तापलेल्या रबराचा. काकांचं म्हणणं एकच, वजन टाका अजून. पण किती टाकायचं, ते कोण सांगणार?

हे सांगतो खडू. मागच्या टायरवर एक रेघ ओढायची, नांगर खाली असताना ती रेघ दहा वेळा फिरेपर्यंत चालायचं, सुरुवातीला आणि शेवटी खुंटी ठोकायची. मग नांगर उचलून तेवढंच अंतर रिकामं जायचं आणि फेरे मोजायचे. साडेआठ ते नऊ भरले तर स्लिप, म्हणजे चाकाचं वाया जाणारं फिरणं, दहा ते पंधरा टक्के, म्हणजे काम झकास. सात भरले तर स्लिप तीस टक्के, डिझेल-टायर मातीत घासलंय. आणि साडेनऊच्या वर गेलं तर उलटं, वजन जास्त झालंय, ट्रॅक्टर स्वतःलाच ओढत बसलाय.

काकांचे भरले सात. मग चाकाला बिडाची वजनं बसली, एकेक चाळीस-पन्नास किलोचं, दोघं लागतात उचलायला. स्वस्तातला उपाय पाण्याचा. जॅक लावून चाक जरा उचललं, व्हॉल्व वर आणला, आतली पिन काढली आणि पाणी सोडलं. व्हॉल्वच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण टायर. सगळं भरू नका, वरची हवाच झटका सोसते. पन्नास एचपीच्या टायरात, मापाप्रमाणं, साधारण दीडशे ते दोनशे लिटर जातं, म्हणजे तेवढेच किलो. आणि पुढं विसरायचं नाही हं, नांगर मागं ओढतो तेव्हा पुढचं तोंड हलकं होतं, स्टेअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाते, म्हणून पुढच्या बंपरवरही वजनं.

दुसऱ्या दिवशी परत खडू, नऊला जरासं कमी. काका हसले.

पण आता खरी गोम इथंच आहे. हीच वजनं घेऊन लोक जूनमध्ये पेरणीला जातात, ओल आहे, वाफसा नीट आलेला नाही, तरी घाईत. चाकामागं बघा, मातीवर चकचकीत पट्टा दिसतो, जणू कुणी थापीनं सारवलंय. तिथं कपाशीचं मूळ शिरताना वाकतं. वरचा थर दाबतो टायरच्या हवेमुळं, खोलचा मात्र एक्सलवरच्या एकूण वजनामुळं, आणि खोलचं ते दाबलेलं पुढच्या नांगरटीतही पुरतं सुटत नाही. रोटाव्हेटरची फिरती पाती तर ट्रॅक्टरला पुढं ढकलतातच, त्याला कशाला हवीत वजनं? ट्रॉलीसाठी ठासून भरलेली हवाही रानात उतरवा, टायरच्या चार्टप्रमाणं.

नांगरट संपली त्या संध्याकाळी काकांनी व्हॉल्व खाली आणला. पाणी फुसफुसत बाहेर पडलं, त्यांनी बादली लावली आणि भरली की लिंबाच्या आळ्यात रिकामी केली.