भिरंडाच्या रंगाचा सोलर सेल

मे महिना. फोंड्यातल्या या अंगणात भिरंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, साली उन्हात पडल्या आहेत. वाळल्या की त्यांची सोलं होतील. मूठभर साली मात्र मीठ लावण्याआधीच प्रयोगशाळेत आल्या. त्यांच्या लाल रसात अँथोसायनिन हे रंगद्रव्य आहे. ऊन लागलं की हा रेणू इलेक्ट्रॉन सोडतो. तो पकडायला समोर काहीतरी हवं.

सेल ज्या काचेवर उभा राहणार, ती साधी नव्हे. एका बाजूला टिन ऑक्साइडचा वीजवाहक थर आहे. मल्टिमीटरवर वीस-तीस ओहम दिसले, की तीच बाजू. इथे चुकलात तर पुढची सगळी मेहनत शून्य व्होल्ट.

इलेक्ट्रॉन पकडणार ती टायटॅनियम डायऑक्साइडची पूड. ती खलात, त्यात व्हिनेगर थेंबाथेंबाने. एकदम ओतलं की गुठळ्या. साबणाचा एक थेंब. कडांना चिकटपट्टी लावून काचेच्या कांडीने लेप एकाच ओढीत पसरायचा. वाळून भाजल्यावर थर १० मायक्रोमीटरच्या आसपास राहावा. जाड झाला की भेगा पडतात, पापुद्रे सुटतात.

४५० अंश सेल्सिअस, अर्धा तास. नीट बघा: पांढरा थर तपकिरी होतो, मग पुन्हा पांढरा. साबणाचा अंश जळतोय. तपकिरी असतानाच उतरवला तर कण एकमेकांना धरत नाहीत.

८० अंशांवर आली की काच रसात. पूर्ण गार झाली तर गोव्याची दमट हवा आधी छिद्रांत शिरते. लाल रस, पण थर जांभळा! रंग टायटॅनियमला बांधला गेला.

दुसऱ्या काचेवर मेणबत्तीची काजळी. दोन्ही काचा जरा सरकवून समोरासमोर, कडेला क्लिपा. आयोडाइडच्या द्रावणाचा थेंब फटीतून आपसूक आत ओढला जातो. रंगाने गमावलेला इलेक्ट्रॉन तोच परत देतो. द्रावणात पाणी नको, ते रंग सोडवतं.

उन्हात ०.४ व्होल्ट.

१९९१ मध्ये ओ'रीगन आणि ग्रेट्झेल या संशोधकांनी अशाच सेलमध्ये रुथेनियम या धातूचा रंग वापरून सात टक्क्यांवर कार्यक्षमता नेली. आज ती पंधरापुढे आहे. भिरंडाची एक टक्क्याच्याही खाली. द्रावण उडतं, रंग विटतो, छपरावर हा टिकणार नाही.

पण या विजेने पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करता येतात का? त्याला १.२३ व्होल्ट पुरावेत, प्रत्यक्षात दोनच्या आसपास लागतात. म्हणून सहा सेल एकामागोमाग जोडले आहेत आणि पेन्सिलीची दोन शिसं किंचित आम्ल घातलेल्या पाण्यात बुडवली आहेत. ऋण टोकाकडे बघा, बुडबुडे तिथे जास्त. तो हायड्रोजन.