मॅनेज होईल ना?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात एका लग्नाला गेले होते. पानं दीडशे सांगितलेली, आणि दुसरी पंगत बसताना लक्षात आलं की माणसं दोनशेच्या पुढं गेलीत. नवरदेवाचा मोठा भाऊ घाम पुसत मुदपाकखान्यात आला. "मावशी, मॅनेज होईल ना?" मावशींनी भाताच्या पातेल्यात झारा घालून तळ पाहिला, आमटीचं झाकण उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "भागेल. भाताला हात जरा आखडता ठेवायला सांग, मठ्ठा फिरवत राहा, आणि जिलबीचा आग्रह आता पुरे."

भागलं. मी तिथंच कढीपत्ता निवडत बसले होते, आणि माझ्या डोक्यात घोळत राहिले ते दोन शब्द. त्याचा मॅनेज आणि मावशींचं भागणं.

मॅनेज हा शब्द मुळात घोड्याचा आहे, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला तो इटालियन 'मानेज्जारे'वरून. अर्थ, हातानं वापरणं, हाताळणं, आणि विशेष करून घोड्याला चाल शिकवणं. त्याच्याही मागं लॅटिन 'मानुस', म्हणजे हात. आपल्याकडं हे काम करणाऱ्याला चाबुकस्वार म्हणत. बुजरं, अंगावर खोगीर घेऊ न देणारं शिंगरू त्याच्या हवाली करायचं आणि त्यानं ते लगामाला आणायचं. म्हणजे शब्दाच्या हिशेबानं, आज कंपनीत गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरणारे सगळे मॅनेजर चाबुकस्वारच. हाताखालच्यांना हे आधीपासून ठाऊक असेल, ती गोष्ट वेगळी.

फ्रेंचमध्ये घोडे शिकवण्याच्या आवाराला 'मानेझ' म्हणतात. पॅरिसमध्ये ट्युलरी राजवाड्याला लागून असं एक लांबलचक आवार होतं. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७८९च्या नोव्हेंबरपासून, फ्रान्सची राष्ट्रीय सभा तिथंच भरू लागली आणि पुढं सोळाव्या लुईवरचा खटलाही तिथंच चालला. देशाचा कारभार घोड्यांच्या रिंगणातून!

आता गंमत बघा. हात हा मूळ धागा मराठीनंही धरला आहे, आणि कुणाची उसनवारी न करता. आपण प्रकरण हाताळतो. पोर ऐकेनासं झालं की ते हाताबाहेर गेलं म्हणतो. चार माणसं हाताखाली असतात. सूत्रं हाती घेतात, आणि ती ज्यानं धरली तो आपल्या नाटकातला सूत्रधार. इंग्रजीतला मॅनेजचा सख्खा भाऊ 'हँडल', तोही हाताचाच.

पण पुढं दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. इंग्रजीत दुकान, नवरा, दुखणं, पैसा, वेळ, सगळ्यांना एक मॅनेज पुरतो. मराठी आधी विचारते, समोर आहे काय? ओझं असेल तर ते झेपतं किंवा पेलतं. पैसा असेल तर भागवायचं. मूल असेल तर सांभाळायचं. राग, घोडा, केस आणि रात्रीचं स्वयंपाकघर, हे चारही आवरायचे. संसाराचा गाडा हाकायचा, सरकारी योजना राबवायची. पाहुणे अचानक आले तर वेळ निभावून न्यायची. आणि उत्तर येत नसताना साहेबांपुढं उभं राहावं लागलं तर वेळ मारून न्यायची. निभावण्यात इज्जत राहते, मारून नेण्यात फक्त वेळ जाते. एवढा बारीक फरक 'मॅनेज केलं' म्हटलं की पुसला जातो.

म्हणून शब्दकोशात मॅनेजपुढं 'व्यवस्था करणे' असं लिहून मोकळं होणं मला पटत नाही. व्यवस्थापन हा शब्द वाईट नाही. २००५च्या कायद्यानं आपत्ती व्यवस्थापन घराघरांत पोचवलं, आणि तिथं तो शोभतो. पण "मी दोन मुलांचं व्यवस्थापन करते" असं एखादी आई म्हणाली तर शेजारीण घाबरेल.

विद्यार्थी जिथं हमखास अडखळतात ती जागा वेगळीच आहे. इंग्रजीत मॅनेजच्या पुढं 'टू' आणि आणखी एक क्रियापद आलं, की अर्थ होतो, खटपट करून एकदाचं जमवलं. 'मॅनेज्ड टू कॅच द ट्रेन.' याचं मराठी 'गाडी पकडण्याचे व्यवस्थापन केले' असं लिहिलेला पेपर मी स्वतः तपासला आहे. लाल शाईनं खोडायला हात धजेना. मराठीत हे काम बहुतेक वेळा क्रियापद करत नाही. ते करतात 'कसाबसा', 'जेमतेम', 'एकदाची' असले शब्द. कशीबशी गाडी मिळाली. एकदाची झोप लागली. दोन्ही वाक्यांत माणूस बाजूला उभा आहे, कर्ती आहे ती गाडी, ती झोप. 'मला जमलं' यातही मी कर्ता नाही. इंग्रजीत जमवणारा माणूस पुढं उभा राहतो, मराठीत जमलेलं काम.

आणि हा स्वभाव मराठीनं मॅनेजलाही लावला. त्याला करणे आणि होणे अशी दोन शेपटं जोडली. काम फत्ते झालं की "मी केलं ना मॅनेज!" फसलं की "नाही हो झालं मॅनेज." मग तिथं 'मी' कुठंच नसतो.

या शब्दाचा गावाकडचा अर्थ तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. निवडणुकीच्या दिवसांत पारावर कुणी म्हणालं, "तो मॅनेज झाला," की पुढं काही विचारावं लागत नाही. अर्ज मागं घेतला गेला, आणि का, ते सगळ्यांना कळलं. कुस्ती मॅनेज, टेंडर मॅनेज. याला आपल्याकडं 'फितला' हा जुना, खणखणीत शब्द होता. पण फितूर म्हटलं की भांडण होतं, मॅनेज म्हटलं की चहा पिता येतो.

कारभार या शब्दाच्या वाट्यालाही असंच काहीसं आलं. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर नाना फडणीस, सखारामबापू आदी मंडळींनी १७७४ साली जन्मलेल्या तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावानं राज्य चालवलं, रघुनाथरावांना दूर ठेवलं. खरं तर अवघड वेळ निभावून नेली त्यांनी. पण बोलण्यात 'बारभाईचा कारभार' म्हणजे दहाजणांनी मिळून घातलेला गोंधळ. उलट खेड्यातल्या बाईनं नवऱ्याला "अहो कारभारी" म्हटलं की त्यात केवढा मान! घर प्रत्यक्षात कोण चालवतं, ते आपण इथं नको बोलूया.

शेवटी मॅनेजला माझा सर्वांत आवडता मराठी शब्द सांगते. कुठल्याही समानार्थी यादीत तो मला दिसला नाही. बघणे. "वडील थकले, आता दुकान धाकटा बघतो." "आजारपणात आईचं सगळं सुनेनं बघितलं." खरेदी, हिशेब, उधारी, औषधाच्या वेळा, सगळं त्या एका बघण्यात आलं. मात्र हेच क्रियापद एखाद्या कचेरीत खिडकीपलीकडून ऐकू आलं, "ठेवून जा अर्ज, बघतो," तर श्रोतेहो, अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

नमस्कार.