शीर्षक मंजूर झालं, प्रश्न कुठाय?

(पीएच.डी. कोर्सवर्कच्या पहिल्या दिवशी सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मित्रमैत्रिणींनो, नेट झाली, मुलाखत झाली, गाइड मिळाले. काहींच्या घरी पेढेही वाटून झाले असतील. कोर्सवर्कमध्ये संशोधनपद्धती आणि सांख्यिकी शिकवतील, त्यात पास व्हायला लागणारे ५५ टक्के पडतील, ती काळजी नको. मला बोलायचंय ते तुमच्या विषयांबद्दल.

मॅडमनी मला तुमच्या प्रस्तावित विषयांची यादी दिली. निम्मी शीर्षकं 'एक चिकित्सक अभ्यास' अशी संपतात, उरलेल्यांत 'विशेष संदर्भ' आहे. अशी शीर्षकं कमिटीत पटकन मंजूर होतात, कारण त्यांत आक्षेप घ्यावा असं काही नसतंच. अडचण पुढं येते. दोन वर्षांनी मुलगा कपाटभर झेरॉक्स घेऊन बसतो आणि नेमकं काय शोधायचं होतं ते त्याला सांगता येत नाही.

यादीतलाच एक विषय घेऊ, नाव सांगत नाही. 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिला कामगारांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास.' आता समस्या शोधायला निघालात तर समस्या सापडणारच. आरोग्य, शिक्षण, निवारा, व्यसनाधीनता अशी पाच प्रकरणं होतील, शेवटी शिफारशी. सरकारने लक्ष द्यावं, जनजागृती व्हावी. हे उसाच्या फडात न जाताही लिहिता येतं, आणि लिहिलंही जातं.

त्याऐवजी असं विचारा. फडात नवराबायको मिळून 'एक कोयता', म्हणजे एक मजूरजोडी, धरली जाते. हंगामाआधी मजूर जमवणारा मुकादम प्रत्येक कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या टनावर फिटते. न फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. म्हणजे कर्ज दोघांच्या घामातून फिटतं. मग किती फिटलं, किती राहिलं हा हिशेब बाईपर्यंत पोचतो का? पोचत असेल तर कुणाकडून?

हा प्रश्न धरला की बाकीचं काम आपोआप आखलं जातं. पाचशे प्रश्नावल्या छापायची गरज उरत नाही. मुकादमाची वही बघायला मिळाली पाहिजे. बाईशी नवऱ्यासमोर आणि नवऱ्यामागे, दोन्ही वेळा बोललं पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलच्या आसपास परततात, त्यामुळे फडावर कधी जायचं आणि गावात कधी बसायचं हेही ठरतं. हंगाम चुकला की वर्ष गेलं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या पीएच.डी. नियमांत प्रवेशापासून जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत. वर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते, स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. ऐकायला भरपूर वाटतं, पण हंगामात मोजलं तर हाताच्या बोटांवर येतं.

मुख्य म्हणजे या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आज माहीत नाही. कदाचित असं निघेल की हिशेब बाईलाच जास्त पाठ असतो. तसं निघालं तर तुम्हाला तेच लिहावं लागेल, मग तुमचा सिद्धान्त काही का असेना.

इथे मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांची आठवण होते. १९२८मध्ये त्या पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर म्हणजे वंशशास्त्रातलं बडं प्रस्थ, पुढे नाझींच्या वंशधोरणाला विज्ञानाचा मुलामा देणारे. मानवी कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्याचा वंशाशी संबंध आहे का, असा प्रश्न होता. फिशरना 'हो' हे उत्तर हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि संबंध दिसत नाही असं लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच गाइडच्या विरोधात. पदवी तरीही मिळाली, कारण मोजमाप समोर होतं.

दुसरं उदाहरण डॉ. आंबेडकरांचं. त्यांच्या पदव्या आपण सगळे मोजतो, त्या मिळवताना काय झालं ते फार थोडे वाचतात. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७मध्ये त्यांना लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. त्याआधी ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले होते, तिथे प्रबंध छापून त्याच्या प्रती द्याव्या लागत. तो छापून झाला १९२५मध्ये, आणि पीएच.डी. पदरात पडली १९२७मध्ये. लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी फेरबदल करून परत द्या म्हणून सांगितलं. तो १९२३मध्ये मान्य झाला आणि त्याच वर्षी पुस्तक निघालं. प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची. ती जरूर वाचा. आंबेडकरांचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, असं कॅनन तिथे सरळ लिहितात, आणि तरीही त्यांच्या विचारांतल्या ताजेपणाची तारीफ करतात. भारतीय चलनाबाबत त्या वेळी केन्ससारख्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाचा शब्द चालायचा. आंबेडकर त्याच्याही विरुद्ध गेले. प्रश्न नेमका असला की विद्यार्थ्याला एवढी मोकळीक घेता येते. 'भारतीय चलनाचा चिकित्सक अभ्यास' करून कुणाशी भांडणार?

आता आपल्याकडे बघा. 'सर म्हणतात तसं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! सर कशाच्या आधारावर म्हणतात ते विचारा. उद्धटपणे नको, दोन पानं लिहून न्या आणि त्यावर बोला. 'सर, बघता का जरा' म्हणून शंभर पानांचं बाड टेबलावर ठेवलं तर ते तिथेच राहतं. प्राध्यापकाकडे एकावेळी आठ विद्यार्थी असू शकतात, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायकाकडे चार. वर त्यांचे पेपर तपासणं आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली आहेतच. भेटून आल्यावर काय ठरलं ते त्याच दिवशी मेलवर चार ओळींत कळवा. आणि गाइडच्या घरच्या लग्नपत्रिका वाटणं अभ्यासक्रमात नाही, तेवढं लक्षात असू द्या.

पैशाचं थोडक्यात. जेआरएफवाल्यांना, म्हणजे नेटमधून संशोधनवृत्ती मिळालेल्यांना, पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आहेत, पुढे ४२,०००. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधनवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. हप्ता वेळेवर येईल हे गृहीत धरून खोलीचं भाडं ठरवू नका. जे तासिका तत्त्वावर शिकवतात त्यांनी आठवड्यातला एक पूर्ण दिवस कुणालाही देऊ नये, प्राचार्यांनाही नाही.

शोधनिबंध छापल्याशिवाय प्रबंध देता येत नाही, अशी सक्ती २०२२च्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने काही वेगळं ठेवलंय का ते तपासा. पण पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. साहित्यचौर्याचंही तसंच. इतरांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं म्हणून लोक वाक्यं उलटीपालटी करून आकडा खाली आणतात. सॉफ्टवेअर शब्द मोजतं. दुसऱ्याचा युक्तिवाद उचललेला त्याला कळेलच असं नाही, त्या विषयातल्या परीक्षकाला मात्र कळतो.

या महिन्यात दोन कामं करा. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जाऊन आपल्या विषयाजवळचे तीन प्रबंध तळटीपांसकट वाचा आणि प्रत्येकाचा प्रश्न एका वाक्यात लिहा. लिहिता आला नाही तर तेही नोंदवा. दुसरं, विभागात कुणाचा व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, असेल तर जाऊन बसा. तो खुला असतो, पण नातेवाईक सोडले तर सहसा कुणी येत नाही. बाहेरून आलेले परीक्षक पहिला प्रश्न कुठल्या पानावर विचारतात आणि उमेदवार तिथे काय सांगतो, ते लिहून घ्या.