मारुती कसा मोडणार?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.’ आमची आजी ही म्हण हातवारे करून सांगायची. एकजण शाडूचा गोळा घेऊन गणपती घडवायला बसला. पोट जमलं, कान जमले, सोंड तेवढी पुढे लावायची ती मागे लागली. झालं शेपूट! आम्ही नातवंडं हसून लोळायचो.

संस्कृतात हेच ‘विनायकं प्रकुर्वाणो रचयामास वानरम्’ असं आहे. विनायक करता करता वानर घडवला. मराठीतही काहीजण माकडच म्हणतात, पण जास्त रुळला तो मारुती. आणि मला वाटतं, या एका बदलानं म्हण फार खोल गेली. माकड झालं असतं तर गोळा मोडायचा, पाणी मारायचं, पुन्हा मळायला घ्यायचा. मारुती कसा मोडणार? तोही देवच. त्याला शेंदूर लागतो, रुईची माळ पडते, शनिवारी तेल येतं. फक्त भाद्रपदातल्या चतुर्थीला मखरात बसवायला तो चालत नाही. चांगल्या हेतूनं केलेलं काम सपशेल फसलं तर ते निदान दिसतं तरी. फसूनही जे हात जोडावेत असं दिसतं, त्याचं काय करायचं? उदाहरण म्हणून शेततळं घेतो. इथे शेततळेवाले बसलेत, ठाऊक आहे मला. भाषण संपेपर्यंत तरी दम धरा.

कल्पना अगदी गणपतीसारखी मंगल होती. पावसाळ्यात शेतातून वाहून जाणारं पाणी खड्ड्यात अडवायचं, आणि सप्टेंबरात पावसानं ओढ दिली की पिकाला एक-दोन पाणी द्यायचं. कोरडवाहू शेतकऱ्याला आधार. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, 50 हजार रुपयांपर्यंत अनुदान. त्याच्या आधीपासून फळबागांसाठी मोठी सामूहिक शेततळी होतच होती. सिन्नर, चांदवडच्या बाजूला गेलात तर उन्हाळ्यात डोळे निवतात. उघडा माळ, आणि मध्येच काठोकाठ भरलेलं निळं पाणी.

आता थांबून विचारा, हे पाणी आलं कुठून?

पावसाचं पाणी तळ्यात यायचं तर तळं उताराच्या खालच्या अंगाला हवं, पाणी आत यायला वाट हवी, जास्तीचं जायला सांडवा हवा. पण तळ्यात कागद टाकला, म्हणजे प्लॅस्टिकचं अस्तर दिलं, की गणित फिरतं. शेतातलं पाणी गाळ घेऊन येतं. लाखभर रुपयांचा कागद, त्यात गाळ कोण येऊ देईल? मग आत येणारी वाट बुजते. खणलेली माती चहूबाजूंनी रचून बांध उंच होतो, म्हणजे वाहतं पाणी वर चढायचा प्रश्नच मिटला. राहतं ते मोटारीचं पाणी. विहीर, बोअर, जे असेल ते उपसायचं आणि वर आणून ठेवायचं. पाऊस अडवायला निघालेलं तळं भूजलाची उघडी टाकी झालं. सगळीच तळी अशी नाहीत. बिनकागदाची, मुरणारी, ओढ्याच्या काठची तळी आपलं काम इमानानं करतात. पण फळबागेच्या पट्ट्यात कागदाचंच राज्य आहे.

थोडा हिशेब करू. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, बाजूंना उतार धरला तर पाणी मावतं साधारण 22 लाख लिटर. वरचा पृष्ठभाग 900 चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरा, आणि मेमध्ये ते याहून जास्त असू शकतं. रोजचं 7,200 लिटर हवेत. दीड दिवसात दहा हजार लिटरचा एक टँकर उडाला. खडकाच्या पोटात, सावलीत, फुकट साठवलेलं पाणी आपण वीज जाळून वर आणलं आणि उन्हात वाळत घातलं!

यात शेतकरी मूर्ख आहे असं कुणी म्हणत असेल तर त्यानं डाळिंबाची बाग लावून दाखवावी. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं, म्हणजे जो आधी उपसेल त्याचं. शेजाऱ्याच्या बोअरनं डिसेंबरात ओढून नेण्याआधी मी ते माझ्या कागदात आणलं, तर माझी बाग मेपर्यंत जगते. एकट्याच्या हिशेबात हे चोख आहे. सरकारचाही हेतू चोखच. फक्त अनुदान खड्ड्याच्या मापावर मिळतं आणि खड्ड्यात पाणी कुठून पडलं हे मोजमाप-पुस्तिकेत येत नाही. म्हणून मी म्हणतो, मूर्ती घडवणाऱ्या एकाही हातात खोट नव्हती.

म्हणीतलं क्रियापद ऐका. करायला *गेलो*. संस्कृतातला तो कुणी दुसरा होता. मराठीत आपण स्वतःच कबुली देतोय. वापरताना मात्र ती आपण हमखास दुसऱ्याच्या पाठीवर मारतो.

मागच्या एप्रिलात एका गावात गेलो होतो, नाव नको. पिण्याच्या पाण्याची विहीर मारुतीच्या देवळाशेजारी, आणि ती कोरडी. देवळासमोर टँकर लागलेला, हंड्यांची रांग. माळावर अकरा शेततळी, त्यातली सात तरी भरलेली. शेवाळलेल्या कागदावरून पोरं घसरतात म्हणून एकानं काठाला दोर आणि ट्यूब बांधली होती. त्याला विचारलं, हे असं किती वर्षं चालणार? तो तळ्याकडे बघत म्हणाला, “सर, मी आज मोटार बंद करतो. तुम्ही फक्त खालच्या वस्तीवर जाऊन सांगून या, की त्यांनीपण करा.”

मी खालच्या वस्तीवर गेलो. तिथल्या माणसानं मला वरच्याकडे परत पाठवलं.