हिरवळीची चिंधी

श्रोतेहो, नमस्कार.

वाटेच्या कडेला किंवा कुंपणाच्या भिंतीलगत हिरवळीचा एक चिंचोळा पट्टा असतो. दोन फूट रुंद, वीसेक फूट लांब. त्यावर कोणी बसत नाही, मुलं खेळत नाहीत. त्यावर पाय पडतो तो फक्त गवत कापणाऱ्याचा. आज मी बोलणार आहे ते एवढ्या पट्ट्याबद्दल. उरलेली हिरवळ खुशाल राहू दे, तिच्याशी माझं भांडण नाही.

हा पट्टा त्रास देतो, कारण त्याच्या दोन्ही कडा उघड्या पडतात. एकीकडे फरशी, दुसरीकडे भिंत. दोन्ही दिवसभर तापतात आणि कडेची माती सगळ्यांत आधी सुकते. फवारा लावावा तर निम्मं पाणी वाटेवर. यंत्र फिरवावं तर वळवायला जागा नाही, भिंतीलगतचं गवत शेवटी उकिडवं बसून कात्रीनेच कापायचं. गवत कापायचं पहिलं यंत्र १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी तयार केलं. ती कल्पना त्यांना सुचली लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. म्हणजे मुळात हे काम सलग पसरलेल्या ठाणाचं. आपला पट्टा म्हणजे उरलेली चिंधी.

मग तिथे लावायचं काय? जमिनीलगत पसरणारी, माती झाकून टाकणारी झाडं. पुस्तकात त्यांना भूआच्छादक वनस्पती म्हणतात. मी आपला अंथरुणी झाडं म्हणतो. पण झाडांच्या नावांकडे मी जरा उशिराच वळणार आहे, कारण यातलं खरं काम लावणीच्या आधीचं आहे. तिथेच बहुतेकांची फसगत होते. माझीही झाली.

पहिल्या वेळी मी एका सकाळी कुदळ घेतली आणि सगळा पट्टा खणून काढला. माती भुसभुशीत झाली, वरचं गवत वेचून टाकलं, झाडं लावली. तीन आठवड्यांत त्या झाडांमधून जी हरळी उगवली, ती आधीपेक्षा दाट! उपटून पाहिली तेव्हा चूक कळली. मातीखाली पांढरट, दोऱ्याहून जाड खोड असतं, टोकाला सुईसारखं. त्याला दर दोन-तीन सेंटिमीटरवर पेर असतं आणि प्रत्येक पेरात एक डोळा. मी कुदळीने त्या एका खोडाचे दहा तुकडे केले होते. गवत काढण्याऐवजी मी त्याची बेणं पेरली होती.

तेव्हा पट्ट्यात हरळी असेल तर कुदळ चालवू नका. माती आदल्या दिवशी भिजवा, दाताळ्याने खालून सैल करा आणि खोड न तोडता लांबच लांब ओढून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. निघालेली खोडं लगेच खताच्या ढिगात टाकू नका. आधी कडक उन्हात पार वाळू द्या.

त्यानंतर जमीन अंधारात ठेवायची. जाड पुठ्ठा घ्या, त्याच्या चिकटपट्ट्या आणि पिना काढा. दोन तुकडे एकमेकांवर वीतभर चढतील असा अंथरा, भिजवा आणि वर चार-पाच बोटं पालापाचोळा किंवा लाकडाचा भुगा घाला. साधं गवत दोन-तीन महिन्यांत मरतं. हरळी अधिक चिवट. ती पुठ्ठ्याच्या कडेने बाहेर डोकावत राहते, म्हणून कडांवर दर आठवड्याला नजर हवी. काहीजण पारदर्शक प्लास्टिक अंथरून उन्हाने माती तापवण्याचा उपाय सांगतात. मोठ्या वाफ्यावर तो चांगला. पण पट्टा अडीच फुटांहून अरुंद असेल तर कडेची माती हवी तेवढी तापत नाही आणि नेमकं तिथलंच गवत वाचतं.

आता झाडं. आधी पट्ट्यावर ऊन किती तास पडतं ते मोजा. भरपूर ऊन आणि कमी पाणी असेल तर ऑफिस टाइम, म्हणजे पोर्टुलाका, मजेत राहतो. जलपिंपळी तर पायाखालीही तगते, मात्र तिच्या इवल्या फुलांवर मधमाश्या येतात, तेव्हा अनवाणी चालणाऱ्यांनी जपून. पिवळ्या फुलांचा शोभेचा भुईमूग मला सगळ्यांत आवडतो. तो शेंगवर्गीय असल्यामुळे मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठवतो, खताची फारशी वाट पाहत नाही. सावली असेल तर मोंडो ग्रास. नावात ग्रास असलं तरी ते गवत नव्हे, आणि त्याला कापावं लागत नाही. थंड हवेत तुळशीच्या कुळातलं क्रीपिंग थाइम.

एका झाडापासून मात्र सावध राहा : वेडेलिया. चकचकीत पानं, पिवळी फुलं, लावताच पसरतं, शेजारी हौसेने फांदी देतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. फार झपाट्याने वाढणारं झाड कमी कष्टाचं नसतं. कष्ट फक्त पुढे ढकललेले असतात.

वीस फूट लांब आणि दोन फूट रुंद पट्ट्याला फूटभर अंतराने चाळीस रोपं लागतात. दोन ओळी, पण समोरासमोर नको. एका ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध दुसऱ्या ओळीतलं रोप येऊ द्या, म्हणजे माती लवकर झाकली जाते. पट्टा ओलांडायची सवय असेल तर तिथे आधीच दोन-तीन सपाट फरशा बसवा. माणसं सवयीच्या वाटेनेच जातात, झाडं असोत की नसोत.

पहिलं वर्ष पाणी आणि खुरपणी दोन्ही करावी लागते. मधली उघडी माती दिसेनाशी झाली की खुरपणी आपोआप उतरते. हरळीला सावली सोसत नाही, वरचं पांघरूण दाट झालं की ती रोडावते. पण शेजारच्या हिरवळीतून ती येतच राहणार, म्हणून दोन्हींच्या मध्ये विटा उभ्या गाडा, वरची कड मातीच्या थोडी वर ठेवून. मी गाडल्या आहेत. परवाच एक फुटवा विटेवर चढून आत डोकावत होता. पेराला अजून मुळी फुटली नव्हती. दोन बोटांनी उचलला, अलगद आला.

नमस्कार.