आकडा पंधरा मिनिटं टिकला, मग पुसला गेला | स्मृतिलोपाची चाचणी

नमस्कार. विसरणाऱ्या माणसाची चाचणी घेतात म्हणजे नेमकं काय करतात, ते आज बघू.

एप्रिल 1955. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांच्यासमोर हेन्री मोलेसन बसले आहेत. अपस्माराचे झटके आवरावेत म्हणून 1953 मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा काढून टाकलेला. आज तारीख काय? "मार्च 1953." वय? "27." प्रत्यक्षात ते 29 वर्षांचे होते.

पण त्यांचा बुद्ध्यंक आला 112, म्हणजे सरासरीच्या वर. स्मरणाच्या चाचणीचा गुणांक मात्र 67. तिथेही सरासरी 100 धरतात. या दोन आकड्यांमधली दरी, तीच खरी खूण. बुद्धी शाबूत, आणि नवं काही साठतच नाही.

मिल्नर यांनी एकदा त्यांना 584 हा आकडा दिला. पंधरा मिनिटांनी त्यांनी तो अचूक सांगितला! कसा? पाच, आठ, चार, बेरीज सतरा. आठ वजा केले की नऊ. नऊचे पाच आणि चार. हे गणित ते मनात सतत घोळवत बसले होते. मग लक्ष दुसरीकडे वळवलं. आकडा तर गेलाच, पण आपल्याला आकडा दिला होता हेही गेलं.

म्हणून या चाचण्यांमध्ये मधला वेळ फार मोलाचा. उदाहरणार्थ, पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात. नंतर दुसरंच काम देतात, आणि साधारण अर्ध्या तासाने विचारतात, त्यातले कुठले शब्द आठवतात? नाही आठवले, तर मोठी यादी समोर धरून त्यातून ओळखायला सांगतात. ओळखता आले, तर शब्द आत शिरले होते, फक्त बाहेर येत नव्हते. ओळखताही आले नाहीत, तर ते बहुधा साठलेच नव्हते. घरच्यांनी हा फरक जरूर समजून घ्यावा. "आत्ता तर नीट बोलत होते, मग सोंग करताहेत का?" असं वाटतं ना, त्याचं उत्तर इथे आहे. दोन मिनिटांच्या गप्पांना साठवण लागतच नाही.

आणि हे माझं सगळ्यात आवडतं. हेन्रींना आरशात बघून चांदणी काढायला दिली. चांदणीची कड दुहेरी रेघेची, त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल न्यायची. हात दिसतो तो फक्त आरशात, त्यामुळे कोपऱ्यावर पेन्सिल हमखास उलटीकडे पळते. तीन दिवस सराव झाला. चुका कमी कमी होत गेल्या. आधी हे कधी केल्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण हात शिकला होता.

याचा उपयोग आजही होतो. स्मृतिलोप झालेल्या माणसाला एखादी कृती शिकवताना "आठवा बघू, अंदाज करा" असं म्हणायचं शक्यतो टाळतात. चुकीचा अंदाज हाताला लागून जातो, आणि कुणी तो सुधारला होता हे मात्र त्याला आठवत नाही. पायरी आधीच दाखवायची, बरोबरच करून घ्यायची, आणि तीच पुन्हा पुन्हा.